दुकानातील संगणक आणि फोनवरचे भामटे

आपल्या व्यापारी बांधवांच्या दुकानांत संगणक आला, त्याला आता बरीच वर्षे झाली. भद्रकालीतील कापडाचे दुकान असो, द्वारकेजवळचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान असो की मालेगावच्या यंत्रमाग कारखान्याची कचेरी असो. खतावणी टॅलीमध्ये, जीएसटीचे विवरणपत्र संगणकावर आणि बँकेचा व्यवहारही त्याच संगणकावर. पूर्वी वही वेगळी, गल्ला वेगळा आणि पासबुक घरच्या कपाटात असे. आता तिन्ही एकाच पेटीत आली आहेत. या पेटीवर ज्याचा ताबा, त्याचा गल्ल्यावर ताबा, ही गोष्ट आम्ही आज वाचकांच्या ध्यानात आणून देऊ इच्छितो.

हे लिहिण्यास कारण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरी येथील एका रिसॉर्टच्या भाड्याच्या जागेत चालणारे बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणले. तेथून ॲमेझॉन कंपनीच्या ग्राहक सेवेच्या नावाने अमेरिका, कॅनडा आदी देशांतील लोकांना फोन करून लुबाडले जात होते, असा सीबीआयचा आरोप आहे. धाड पडली तेव्हा ६२ कर्मचारी प्रत्यक्ष काम करीत होते. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाईल, १ कोटी २० लाख रुपये रोख, अर्धा किलो सोने आणि ७ महागड्या गाड्या असा मुद्देमाल मिळाला. पाच जणांना अटक झाली. काम वाटून दिलेले होते. एकाने फोन लावायचा, दुसऱ्याने माहिती पडताळायची, तिसऱ्याने पैसे काढून सौदा पुरा करायचा. फसवणुकीचाही असा कारखाना निघतो!

ही काही पहिलीच घटना नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे अशाच कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तेथून अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून, अटकेची भीती घालून पैसे उकळले जात. ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेण्यात आले, त्यांपैकी ७० जणांना अटक झाली.

कोणी म्हणेल, परदेशातले लोक फसले, त्यात आमचे काय गेले? पण भामट्याला देश नसतो. जी युक्ती तिकडे चालते, तीच मराठीत आणि हिंदीत इकडेही चालते. म्हणून या युक्तीचे अंगण नीट पाहून घेतले पाहिजे.

पहिली तऱ्हा अशी. संगणकावर काम चालू असता एकाएकी पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि अक्षरे येतात की तुमच्या यंत्रात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. दुसरी तऱ्हा, फोन त्यांचाच येतो. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतो आहे, तुमच्या संगणकातून धोक्याचे संदेश येत आहेत.’ तिसरी तऱ्हा आपल्याकडे फार चालते. प्रिंटर बिघडतो किंवा बँकेचे ॲप अडते, दुकानदार इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो आणि तेथे भामट्याने पेरून ठेवलेला क्रमांक त्याच्या हाती लागतो. या वेळी तर फोन आपणच केलेला असतो, त्यामुळे संशयही येत नाही.

पुढचा डाव मात्र सारखाच. तो माणूस संगणकातील एक यादी उघडायला लावतो. तीत लाल आणि पिवळ्या खुणा दिसतात. ‘पाहा, किती बिघाड आहे!’ वास्तविक विंडोजच्या प्रत्येक संगणकात, अगदी धडधाकट असलेल्यातही, अशा नोंदी असतात. पण अनोळखी माणसाने आपल्याच यंत्रात दाखवलेला लाल रंग पाहून भलाभला घाबरतो. मग तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप घ्यायला सांगतो आणि त्यावर आलेला आकडा विचारतो. तो आकडा सांगितला आणि त्याला परवानगी दिली, की पेटीची दोरी त्याच्या हाती गेली. ही ॲप मुळात वाईट नाहीत. टॅलीची दुरुस्ती करणारा आपला ओळखीचा माणूसही तीच वापरतो. चाकू कोणाच्या हाती आहे, हाच प्रश्न.

येथे एका गैरसमजाविषयी सांगणे जरूर आहे. ‘आम्ही ओटीपी कोणालाच सांगत नाही, मग भीती कसली?’ असे पुष्कळ बांधव म्हणतात. असे ॲप मोबाईलवर घेतले तर ओटीपी सांगावाच लागत नाही. तो समोरच्याला आपोआप दिसतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. दुसरा डाव परताव्याचा. ‘तुम्हाला ५ हजार परत करतो’ म्हणून बँकेचे पान उघडायला लावायचे, पडद्यावरचा आकडा बदलून ५० हजार दाखवायचा आणि ‘चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल, ४५ हजार परत करा’ म्हणून गयावया करायची. आलेले काहीच नसते. जाते ते मात्र खरे.

ओळखायचे कसे? खूण एकच पुरे. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला बिघाड सांगायला फोन करीत नाही आणि तिच्या इशाऱ्यात फोन नंबर कधी नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर केले आहे. बोलणारा घाई करीत असेल, फोन ठेवू देत नसेल, घरात कोणाला सांगू नका म्हणत असेल, तर समजावे की दाल में कुछ काला है. फोन ठेवावा. खात्री करायचीच असेल तर क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा खरेदीच्या बिलावरून घ्यावा, इंटरनेटवरच्या शोधातून नव्हे.

आणि ताबा दिला गेलाच तर? आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा पळत असतो. तो वाटेत आहे तोवरच अडवता येतो. मग दुसऱ्या यंत्रावरून सारे पासवर्ड बदला, सायबर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि संगणक ओळखीच्या कारागिराकडून साफ करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले होते की, ग्राहकाच्या हलगर्जीने गेलेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

पण नेमके तेथेच आमचा व्यापारी कच्चा पडतो. बाजारात हसे होईल, भाऊबंद नावे ठेवतील, म्हणून तो दोन दिवस गप्प बसतो. भामट्याचा खरा भागीदार ही लाज आहे. दुकानात चोर शिरला तर आपण आरडाओरडा करतो. मग फोनवरून शिरला तर मूग गिळून का बसावे? फसलेल्याला हसणाऱ्यांनीही विचार करावा. आज तुम्ही हसलात, तर उद्या तुमचा शेजारी तोंड उघडणार नाही, आणि तोच भामटा परवा तुमच्याकडे येईल.

शेवटी फोनच्या दुसऱ्या टोकाविषयी. इगतपुरीतील ते ६२ आणि मीरा रोडचे ७०० कोणाची तरी मुलेच होती. इंग्रजी बरे बोलता येते, रात्रपाळी आहे, पगार चांगला आहे, एवढ्यावर मुलगा नोकरीला जात असेल तर बापाने विचारावे, कंपनीचे नाव काय, नेमणुकीचे पत्र कोठे आहे, फोनवर स्वतःचे खरे नाव सांगतोस की खोटे? खोटे नाव सांगावे लागत असेल तर ती नोकरी नव्हे. कमिशन घेऊन आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देणाराही याच फासात अडकतो. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कोणा म्हाताऱ्याची पुंजी लुटून घरात आणलेला पैसा हलाल रोजी होत नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तेव्हा बांधवांनो, येत्या जुम्याच्या नमाजानंतर चार दुकानदार एकत्र बसाल तेव्हा हा विषय काढा. १९३० हा आकडा गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि दुकानात काम करणाऱ्या पोराला ताकीद द्या, की मालकाला विचारल्याशिवाय संगणकाची दोरी कोणाच्याही हाती द्यायची नाही. कुलूप लावायला लागतो तेवढाच वेळ याला लागतो.