आकाशांतील वाटाड्या

मोटार बाळगणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत प्रवासास निघण्यापूर्वीं ज्या कांहीं गोष्टी होत असत त्यांपैकीं एक आतां जवळजवळ नाहींशी झाली आहे. रस्त्याची चौकशी कोणी करीत नाहीं. डबे भरले जातात, चाकांतील हवा पाहिली जाते, पाण्याच्या बाटल्या मोजल्या जातात; पण वाट कोणती, मध्यें घाट कोणता लागतो, त्या बाजूस पाऊस कसा आहे, हें विचारलें असतां तरुण मंडळी चालकाच्या पुढ्यांतील लहानशा पडद्याकडे बोट दाखवितात आणि म्हणतात, "तें सांगेल." आमची तक्रार त्या पडद्याविरुद्ध नाहीं. आमच्याही गाडींत तो आहे, आणि मुंबईच्या उपनगरांत एखादें अपरिचित घर शोधतांना त्यानें आमचें पेट्रोल व वेळ दोन्ही वांचविलीं आहेत. आमचा वाद आहे तो "तें सांगेल" या दोन शब्दांशीं, आणि त्या शब्दांच्या पाठीशीं जें एक प्रमाणवाक्य उभें केलें जातें त्याच्याशीं. तें वाक्य असें कीं, उपग्रह कधीं चुकत नाहीं.

उपग्रह सांगतो तरी काय, हें प्रथम पाहूं. अमेरिकेच्या जी.पी.एस. या योजनेंतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असतें, आणि "मी अमुक ठिकाणीं आहें व आतां अमुक वेळ झाली आहे" अशा अर्थाचा संदेश तो अखंड पाठवीत असतो. हा संदेश आपल्यापर्यंत पोंचण्यास सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याएवढा वेळ लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश पडताळून गाडींतील यंत्र आपलें स्थान काढतें. सापेक्षतावादाचे परिणाम असे कीं, तीं घड्याळें पृथ्वीवरील घड्याळांपेक्षां रोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात; याची दुरुस्ती केली नाहीं तर एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक चूक सांचेल. मनुष्याच्या बुद्धीचें हें वैभव आहे, आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. पण या संदेशांत रस्ता कोठें आहे? उपग्रहाला घाट ठाऊक नाहीं, पूल ठाऊक नाहीं, नदीचें पाणी ठाऊक नाहीं. फार काय, त्याला आपण देखील ठाऊक नाहीं, कारण संदेश वरून खालीं येतो, खालून वर कांहींच जात नाहीं. आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठें आहों एवढेंच त्याच्या साहाय्यानें कळतें. पुढें काय आहे हें सांगतो तो नकाशा. आणि नकाशा आकाशांतून पडत नाहीं, तो जमिनीवरचीं माणसें तयार करितात.

हा भेद पुस्तकी नव्हे. मोटारींत बसविण्याचे पहिले मार्गदर्शक निघाले तेव्हां त्यांत उपग्रहाचा संबंधही नव्हता. १९८१ सालीं जपानांत होंडा कंपनीनें काढलेल्या यंत्रांत गाडीचें वळण हेलियम वायूच्या योगानें मोजीत, आणि पडद्यावर पारदर्शक नकाशाचा तुकडा सरकवून ठेवीत. १९८५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या एटक या यंत्राचे नकाशे गाण्यांच्या फितीसारख्या कॅसेटींवर भरलेले असत. जी.पी.एस.ची जोड मोटारीस मिळाली ती १९९० सालीं, माझ्दा कंपनीच्या एका गाडींत. म्हणजे या यंत्राचें मूळ अंग नकाशा हेंच आहे. उपग्रहानें त्यास एक अचूक सुई दिली. सुई अचूक झाली म्हणून कापड नवें होत नाहीं. असें असतां आकाशांतील घड्याळाची कीर्ति जमिनीवरच्या नकाशास आयती मिळाली आहे, आणि या उसन्या प्रतिष्ठेवर आमचा आक्षेप आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना कागदी नकाशा ज्यांनीं हाताळला असेल त्यांस आठवत असेल कीं, त्याच्या समासांत पाहणीचें साल छापलेलें असे. ही गोष्ट लहान दिसते, पण तींत मोठा प्रामाणिकपणा आहे. नकाशा स्वतःच सांगे कीं, माझें ज्ञान अमुक सालापर्यंतचें आहे. त्यानंतर ओढ्यानें पात्र बदललें असेल, नवें धरण झालें असेल, तर तें तुमचें तुम्ही पाहून घ्या. आमच्या पडद्यावर एखाद्या रस्त्याची निळी रेघ उमटते तेव्हां ती काल तपासलेली आहे कीं पांच वर्षांपूर्वींची आहे, हें तिच्या रंगावरून कळत नाहीं. खात्रीचा रस्ता आणि ऐकीव रस्ता दोन्ही सारखेच निळे. वर्गांत जो विद्यार्थी येणारें व न येणारें उत्तर एकाच ठाम स्वरांत सांगतो त्याला आम्ही हुशार म्हणत नाहीं.

याचा परिणाम काय होतो तो आपल्याच मुलखांत दिसला आहे. २०२१ सालच्या जानेवारींत पुण्याहून कांहीं मंडळी मोटारीनें कळसूबाईकडे निघालीं होतीं. अकोलें तालुक्यांत, रात्रीच्या अंधारांत, यंत्रानें दाखविलेल्या वाटेनें गाडी अशा पुलावर आली कीं जो धरणाच्या पाण्याखालीं बुडालेला होता. एकास जलसमाधि मिळाली. पूल पाण्याखालीं जातो हें त्या भागांतल्या लोकांस ठाऊक होतें, आणि ते त्या वाटेस जात नसत. यंत्रास पूल ठाऊक होता, पाणी ठाऊक नव्हतें. पुढें २०२४ सालच्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांत बरेलीच्या बाजूस याच प्रकारचा पण अधिक भयंकर अपघात झाला. रामगंगेवरील पुलाचा एक भाग पुरानें पूर्वींच वाहून गेला होता. मोटार त्या तुटलेल्या टोंकावरून खालीं गेली आणि आंतील तिघेही दगावले.

या दुसऱ्या प्रकरणांत पोलिसांनीं बांधकाम खात्याचे अभियंते आणि नकाशा-कंपनीचा एक अधिकारी अशा दोघां पक्षांविरुद्ध गुन्हा नोंदविला. खटल्याचा निकाल कांहींही लागो, ही जोडणी आम्हांस फार मार्मिक वाटते. आज चाललें आहे तें असें: कंपनी म्हणते, आम्ही फक्त सुचवितों, पाहून चालविणें हें चालकाचें काम. चालक म्हणतो, यंत्रानें सांगितलें. खातें म्हणतें, रस्ता बंद असल्याचा हुकूम आमच्या दप्तरीं आहे. तिघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें, आणि माणूस मात्र पाण्यांत! पूर्वीं वाटाड्या बरोबर घेत, त्या वाटाड्याला वाट चुकल्यास आपल्यासह चिखलांत उतरावें लागे. या नव्या वाटाड्याचे पाय भिजत नाहींत.

यावर उत्तर तयार असतें तें असें कीं, रस्त्यावरचीं माणसें तरी कोठें खरें सांगतात? "हें काय, पांच मिनिटांवर" म्हणून सांगणारा गृहस्थ आणि त्यानंतरचे दोन तास आम्हीही अनुभवले आहेत. आणि शहरांत पत्ता विचारणारास मिळणाऱ्या उत्तरांचा मासला येथें देण्याची गरज नाहीं. पण दोहोंत एक फरक आहे. तिठ्यावरच्या चहावाल्यास वाट विचारा, तो प्रथम उत्तर देत नाहीं, उलट विचारतो, "कुणाकडं चाललात पाव्हणं? अंधाराचं कशाला निघालात?" तो गाडीकडे पाहतो, मागच्या बाकावरील मुलांकडे पाहतो, आणि मग म्हणतो, "फरशीवरनं पाणी आहे, तिकडनं नका जाऊ." यंत्र वेळाचा हिशेब करून दहा मिनिटें वांचविणारी वाट काढतें, रात्रीं मुलांबाळांसह त्या वाटेनें जावें काय, हा प्रश्न त्याच्या गणितांत नाहीं. एस.टी.चा चालक ज्या रस्त्यानें पावसांत गाडी नेत नाहीं त्या रस्त्यानें आपण लहानशी मोटार घालूं नये, एवढा विवेक खेड्यांतील पोरासही असतो.

यंत्रामुळें स्मरणशक्ति मंदावते, असा एक आक्षेप अलीकडे पुष्कळ ऐकूं येतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांस चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या टापूंतील सुमारें २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, आणि २००० सालीं एलिनॉर मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांच्या मेंदूंत स्मृतीशीं संबंध असणारा एक भाग मागील बाजूस अधिक मोठा असल्याचें दाखविलें, हें खरें. परंतु या मुद्द्यावर आम्ही फार भर देणार नाहीं. लेखनकलेमुळेंही पाठांतर गेलें, म्हणून कोणी लेखणी मोडली नाहीं.

त्यापेक्षां आम्हांस अधिक बोंचते ती गांवांच्या नांवांची विटंबना. यंत्राचा इंग्रजी आवाज रोमन अक्षरांवरून नांवें वाचतो. आणि नित्याच्या रोमन लेखनांत द व ड, त व ट, न व ण यांचा भेद राहत नाहीं. मग फलटणचें 'फाल्टन' होतें, आणि मागें बसलेलीं नातवंडें तेंच शुद्ध समजून म्हणूं लागतात. आपल्याकडील ग्रामनामें नुसतीं खुणेचीं चिठ्ठ्या नव्हेत. नांवांत खिंड आली कीं चढ आहे, माळ आला कीं सावली नाहीं, पाणी आलें कीं विसाव्याची जागा आहे, हें वाटसरूस ऐकतांच कळे. मराठी आवाजाची सोय असतां ती न वापरणारा सुशिक्षितच या विटंबनेस जबाबदार आहे, हेंही येथेंच सांगून टाकितों.

यंत्र गाडींतून उपटून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या मागण्या साध्या आहेत. रस्ता किंवा पूल बंद करण्याचा हुकूम निघेल त्याच दिवशीं तो नकाशा करणारांस कळविण्याचें बंधन बांधकाम खात्यावर असावें, आणि दप्तरांतील हुकुमाबरोबर रस्त्यावर अडसर पडावा. दोन पिंपें आणि एक आडवा बांबू यांस फारसा खर्च येत नाहीं. नकाशा-कंपनीनें प्रत्येक रस्त्यापुढें तो शेवटीं केव्हां तपासला तें साल दाखवावें, आणि बंद पुलाची सूचना मिळूनही तो चालू दाखविल्यास तिला नुकसानीबद्दल जबाब द्यावा लागावा. भारत सरकारनें १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं देशी संस्थांस नकाशे करण्याची मोकळीक दिली आहे. तेव्हां तालुक्यातालुक्यांतून पावसाळ्यांत बुडणाऱ्या फरशी पुलांची यादी करून ती नकाशावर चढविण्यास परवानगीची सबब आतां उरलेली नाहीं. जिल्हा परिषदा, महाविद्यालयांचे भूगोल विभाग आणि गांवोगांवचीं तरुण मंडळें यांस हें काम एका उन्हाळ्यांत होण्यासारखें आहे. तें होईपर्यंत निदान रात्रीच्या प्रवासांत, मोठा रस्ता सोडून आंत वळण्यापूर्वीं, गाडी बाजूस घेऊन कांच खालीं करावी आणि जो कोणी उभा असेल त्यास विचारावें.