तंबू दिसतो, ताट दिसत नाही

20 मे 2002 च्या मध्यरात्री राजधानी दिली शहराबाहेर, तासी तोलूच्या मैदानावर, संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा उतरला आणि पूर्व तिमोरचा झेंडा वर चढला. कोफी अन्नान यांनी कारभाराची सूत्रे झनाना गुस्मांव यांच्या हाती दिली. तिमोरी माणूस या दिवसाला नुसता स्वातंत्र्यदिन म्हणत नाही, स्वातंत्र्याच्या पुनःस्थापनेचा दिवस म्हणतो. या शब्दाबाबत तो हट्टी आहे, आणि हट्ट रास्त आहे. पोर्तुगीज निघून जात असताना 28 नोव्हेंबर 1975 रोजी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले होतेच; पण 9 दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य उतरले आणि 24 वर्षे हलले नाही. 1999 च्या ऑगस्टमधल्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी इंडोनेशियाला नकार दिला, तेव्हा जाताजाता त्या सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी घरे, शाळा, दवाखाने, सरकारी दप्तरे जाळून टाकली. नव्या सरकारला वारशात मिळाली ती राख.

या देशाशी आपले एक जुने, विसरलेले नाते आहे. 1844 पर्यंत तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालत असे. गोव्यातल्या साहेबाचा हुकूम जहाजाने तिमोरला पोचेपर्यंत तिथली परिस्थिती पालटलेली असे. अंतर तेव्हा समुद्राचे होते. आजचा विषय मात्र एकाच शहरातल्या दोन कचेऱ्यांमधल्या अंतराचा आहे, आणि ते पार करायला कधीकधी जहाजापेक्षाही जास्त वेळ लागतो.

युद्धातून उठलेल्या गरीब देशात मंत्रालयांचा ताळमेळ हा विषय परिसंवादांतला, चहा-बिस्किटांबरोबर चघळायचा वाटतो. तो तसा नाही, हे दिलीने 25 मे 2006 रोजी पाहिले. संरक्षण खात्याकडे सैन्य होते. त्याचा गाभा जंगलात लढलेल्या गनिमांचा. अंतर्गत खात्याकडे पोलीस होते, आणि त्यांत इंडोनेशियाच्या राजवटीत खाकी घातलेलेही बरेच. सैन्यात पूर्वेकडच्यांचे लाड होतात, पश्चिमेकडच्यांना बढती मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या जवळजवळ 600 सैनिकांना त्या वर्षी मार्चमध्ये एका फटक्यात घरी पाठवले गेले. एवढ्या लहान सैन्यातला तो तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. पुढे दोन महिन्यांत गल्लीशी गल्ली भिडली, आणि मेअखेरीस सैनिकांनी पोलीस मुख्यालयाला वेढा घातला. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी मध्यस्थी केली. पोलिसांनी शस्त्रे खाली ठेवली आणि निळ्या झेंड्यामागे रांग करून ते रस्त्यावर आले. त्या रांगेवर गोळ्या सुटल्या. किमान आठ निःशस्त्र पोलीस तिथेच गेले. पोलिसांची शस्त्रे नागरिकांत वाटल्याबद्दल अंतर्गत खात्याचे मंत्री रोजेरिओ लोबातो यांना पुढे शिक्षा झाली. एकाच सरकारची दोन खाती एकमेकांशी बोलत नसली की फाईल अडते, असे आपण म्हणतो. इथे दोन्ही खात्यांकडे बंदुका होत्या.

त्या उन्हाळ्यात सुमारे दीड लाख माणसे घरांबाहेर पडली. देशाची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास, म्हणजे सातांतला एक बेघर. राजधानीत जिकडे पाहावे तिकडे तंबू: विमानतळाच्या दाराशी, मुख्य इस्पितळाच्या आवारात, बंदरासमोरच्या बागेत. परदेशी पाहुणा विमानातून उतरला की त्याला आधी ताडपत्री दिसे, मग मंत्रालय.

2007 मध्ये झनाना पंतप्रधान झाले. त्यांनी पहिले काम केले ते हे, की संरक्षण आणि सुरक्षा हे एकच खाते करून स्वतःकडे ठेवले. दोन म्यानांतल्या तलवारी एका कमरेला. (आघाडीचे सरकार होते, खातेवाटपात असले खाते हातचे सोडायला मित्रपक्षांना किती जड गेले असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) मग तंबूंकडे मोर्चा वळला. त्या डिसेंबरात योजना आली. तिचे तेतुम भाषेतले नाव ‘हामुतुक हारी फुतुरु’, म्हणजे मिळून भविष्य उभारू. तिला पाच खांब होते: घर, सामाजिक संरक्षण, स्थैर्य, उपजीविका आणि विश्वास. प्रत्येकाला वेगवेगळी खाती जोडलेली.

पुढे जे घडले ते मोठे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. समाजकल्याण खात्याची माणसे तंबूतंबूत फिरली. घर जळालेल्या कुटुंबाला 4,500 डॉलरपर्यंत रोख मिळाले. परतणाऱ्यांना शेजाऱ्यांनी पुन्हा हाकलू नये म्हणून संवाद-पथके गावोगाव बसली. तिमोरमध्ये भांडण मिटवायचे तर मोठी चटई अंथरतात, दोन्ही बाजू तिच्यावर बसतात आणि मोकळे बोलून झाल्याशिवाय कोणी उठत नाही. ‘नाहे बिती’ म्हणतात त्याला. सरकारी मध्यस्थ तीच चटई घेऊन गेले. 2008 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या हल्ल्यात बंडखोरांचा म्होरक्या मारला गेला, आणि डोंगरातले उरलेसुरले बंडही खाली उतरले. त्या काढून टाकलेल्या सैनिकांनाही प्रत्येकी 8,000 डॉलर देऊन नागरी आयुष्याकडे वळवले गेले. 2010 उजाडेपर्यंत तंबू उठले होते. जगभरच्या मदतसंस्थांना जे दहा वर्षांचे काम वाटत होते ते दोन-अडीच वर्षांत झाले.

आता पाच खांबांचे काय झाले ते पाहा. पैसा मिळाला तो मुख्यतः पहिल्याला, घराला. बाकीचे चार बरेचसे कागदावर राहिले. आणि पहिल्या खांबातही घराखालची जमीन कोणाची, हा प्रश्न कोणी हातात घेतला नाही. त्या जमिनीवर पोर्तुगीज काळाचा उतारा एकाकडे, इंडोनेशियन काळाचा दाखला दुसऱ्याकडे, आणि गावच्या रिवाजाने ती तिसऱ्याच्या आजोबांची. गोव्यातल्या कुळ-मुंडकार खटल्यांत आयुष्य घालवलेल्या वकिलाला हे चित्र घरचे वाटेल. न्याय खात्याने ते सोडवायचे ठरवले असते तर तंबू आणखी दहा वर्षे राहिले असते. जमिनीचा कायदा खरोखरच 2017 मध्ये आला. म्हणून सरकारने प्रश्न सोडवला नाही, रोख देऊन बाजूला सारला. आम्हाला ते चूक वाटत नाही. पावसाळा तोंडावर असताना सातबारा शोधत बसणारे सरकार निर्दयी ठरते. पण त्याला ताळमेळ म्हणू नये. तेलाच्या पैशाने एका खात्याला इतके बळ दिले, की इतर खात्यांची गरजच उरली नाही.

पैसा होता हे खरे, आणि तो असणे हीच दिलीची कमाई होती. 2005 मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर पेट्रोलियम निधी उभारला गेला. समुद्रातल्या तेल-वायूचे उत्पन्न थेट त्यात जाते आणि संसदेच्या मंजुरीशिवाय निघत नाही. हा निधी उभारला गेला तो पंतप्रधान मारी अल्कातिरी यांच्या काळात; खर्चाचे चित्र मात्र तेव्हा उलटे होते. बारीकसारीक खरेदीही अर्थखात्याच्या सहीसाठी तुंबून राहायची आणि मंत्रालयांना स्वतःचा अर्थसंकल्पही खर्चता येत नसे. झनानांच्या सरकारने 2008 पासून ‘राष्ट्रीय अग्रक्रम’ ठरवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी सहा विषय. एकेका विषयाचा मंत्री ठरलेला, टेबलाभोवती संबंधित खाती आणि देणगीदार देश, दर तीन महिन्यांनी हिशेब. अर्थमंत्री एमिलिया पिरेस त्या टेबलाच्या सूत्रधार. आणखी एक अडचण होतीच: कायदा पोर्तुगीजमध्ये लिहिलेला, कारकून इंडोनेशियन भाषेत शिकलेला, चर्चा तेतुममध्ये आणि देणगीदारांचा अहवाल इंग्रजीत. एका टेबलावर चार भाषा. तरीही ते टेबल चालले, आणि 2010 मध्ये दिलीतच युद्धातून उठलेल्या अशा देशांची ‘जी सेव्हन प्लस’ ही संघटना उभी राहिली. श्रीमंत देशांनी आम्हाला शिकवू नये, आम्हीच एकमेकांना सांगू, असा त्यामागचा बाणा होता. तो आम्हाला आवडतो.

मग घोडे अडले कुठे? ताटात.

2008 साली जगभर तांदूळ महागला. व्यापार खात्याने परदेशी तांदूळ आणून स्वस्तात विकायला काढला. गरिबाला तो मिळालाच पाहिजे होता. त्याच सुमारास शेती खात्याने देशी भात वाढावे म्हणून पॉवर टिलर वाटले. एका खात्याने शेतकऱ्याला नांगरायला सांगितले आणि दुसऱ्याने त्याच्या धान्याचा भाव पाडला. आंधळे दळत होते. दोन्ही मंत्री आपापल्या वार्षिक अहवालात यशस्वी. 2010 मध्ये मंत्र्यांनी एकत्र येऊन भूक आणि कुपोषण संपवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. अन्नसुरक्षा आणि पोषणासाठी राष्ट्रीय परिषद निघाली. दहा वर्षांनंतर, 2020 च्या पाहणीत, पाच वर्षांखालच्या 47 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. आशियातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हा एक. क्यूबात शिकून आलेले शेकडो तिमोरी डॉक्टर गावोगाव पोचलेले असताना ही गत आहे. डॉक्टर मुलाचे वजन करतो, त्याच्या आईला सांगतो की अंडे दे, डाळ दे, पाणी उकळ. अंडे शेती खात्याच्या कक्षेत, पाणी सार्वजनिक बांधकामाच्या, आणि शाळेतला दुपारचा भात शिक्षण खात्याच्या. आईच्या ताटात तांदूळ पुष्कळ, आणि त्यासोबत जवळजवळ काही नाही.

तंबूच्या वेळी जे झाले ते ताटाच्या वेळी का होत नाही, याची कारणे आमच्या मते दोन. तंबू बंदरासमोर होता. मंत्र्याची गाडी रोज त्याच्या बाजूने जाई. खुंटलेले मूल दिसत नाही. गावात सगळीच मुले सारख्या उंचीची, म्हणून आईलासुद्धा ते चांगले वाटते. दुसरे कारण जास्त कडू आहे. तंबू रोख दिले की उठतो, मूल रोख दिल्याने उंच होत नाही. त्याला पाच खात्यांनी दोन वर्षे, गरोदरपण धरून पावणेतीन वर्षे, एकाच घराकडे पाहत राहावे लागते. परिषदा, जाहीरनामे, संयुक्त समित्या यांनी ते होत नाही, कारण त्यांपैकी कोणाच्याही हातात दुसऱ्या खात्याचा पैसा नसतो. 2007 मध्ये बंदुका एका खात्याखाली आल्या, कारण रस्त्यावर प्रेते पडली होती. पोषणाची तिजोरी एका माणसाकडे द्यावी, असे वाटायला तसे काही घडत नाही. मूल मरत नाही, फक्त थोडे बुटके होते, शाळेत थोडे मागे राहते.

आता घाई करायला आणखी एक कारण आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तिमोर आसियानचा अकरावा सदस्य झाला, त्याचा आनंद आहेच. पण ज्या बायु-उंदान वायूक्षेत्राने निधी भरला त्याचे उत्पादन 2025 मध्ये थांबले, आणि अर्थसंकल्पाचा मोठा वाटा अजून त्याच निधीतून येतो. ग्रेटर सनराइज या दुसऱ्या वायूक्षेत्राच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालू आहेत. रोख देऊन प्रश्न बाजूला सारण्याची सोय फार काळ राहणार नाही. दिलीच्या पुढच्या अर्थसंकल्पात पोषणासाठी एकच लेखाशीर्ष असावे, त्यावर पंतप्रधानांचे नाव असावे, आणि गावाच्या प्रमुखाने, ‘शेफे दि सुकु’ने, दर तीन महिन्यांनी मुलांच्या उंचीचा आकडा त्या नावाने पाठवावा. चटई अंथरण्याची रीत त्यांच्याकडे आहेच. तिच्यावर यावेळी पाच मंत्र्यांनी बसावे.

2009-10 च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या 58 टक्के तिमोरी मुलांची वाढ खुंटलेली आढळली होती. बंदरासमोरच्या तंबूंत जन्मलेली मुले त्याच वयाची. तिमोरमध्ये मतदानाचे वय 17 आहे. 2028 च्या निवडणुकीत ही सगळी पिढी मतदार असेल.