स्नेहसंमेलनातील मराठी

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे मराठी शाळांतून एक निराळीच लगबग सुरू होते. फेटे भाड्याने आणले जातात, आजीच्या पेटीतील नऊवारी लुगडी बाहेर निघतात, लेझीमचा सराव मैदानावर घुमू लागतो. २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या निमित्ताने फलक रंगतात, वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. मध्यप्रदेशात राहून आपली मुले एवढ्या हौसेने हे सारे करतात, ही गोष्ट आनंदाचीच आहे. त्या हौसेवर पाणी ओतण्याचा माझा हेतू नाही. परंतु या सोहळ्यात पांढुर्ण्याची व सौंसरची मराठी कोठे असते, असे कोणी विचारले तर आपणांस थोडे अडखळावे लागेल. नाटिकेत मावळे असतात, पेशवे असतात, शनिवारवाडा असतो. आपली बोलीही असते, नाही असे नाही. मात्र ती बहुधा गड्याच्या नाही तर विदूषकाच्या तोंडी असते. राजा 'मला' म्हणतो आणि लोकांना हसविणारा 'मले' म्हणतो. प्रेक्षकांत बसलेली आजी घरी 'मले'च म्हणते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपली मराठी कोणी बाहेरून येथे आणून ठेवलेली नाही. ज्या बख्त बुलंद राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसविले, तो आपल्या शेजारच्या देवगडचा गोंड राजा. पुढे या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य झाले; १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारल्यावर इंग्रजांनी ते खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हाही राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि सौंसरच्या शेतकऱ्याची राजधानी एका रात्रीत नागपूरहून भोपाळला गेली. शेतकरी जागचा हलला नव्हता. त्याची विहीर, त्याचे बैल, वरूड-काटोलकडे दिलेल्या त्याच्या लेकी, सारे होते तेथेच होते. हलली ती सीमा. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी ही वस्तुस्थिती बदललेली नाही.

सीमा हलली आणि माणसे जागच्या जागी परभाषिक ठरली, असे जगात आणखीही कोठे घडले आहे. अमेरिकेचे संयुक्त संस्थान व मेक्सिको यांच्यातील युद्ध १८४८ च्या तहाने संपले आणि कॅलिफोर्नियासह फार मोठा प्रदेश मेक्सिकोच्या हातून गेला. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे स्पॅनिश भाषिक लोक घर न सोडताच दुसऱ्या देशाचे नागरिक झाले. पुढे मेक्सिकोतून व त्याच्या दक्षिणेकडील देशांतून आणखी लोक येत राहिले. या सर्वांना आज तेथे 'लॅटिनो' असे म्हणतात. त्यांच्या मुलांना कित्येक शाळांतून स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिस भागातील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्या वाचण्याजोग्या आहेत. आमच्या पूर्वजांचा इतिहास शिकवा, आमच्या भाषेला वर्गात जागा द्या, असे ते म्हणत होते. त्याच वर्षी त्यांच्या वारशाचा सप्ताह पाळण्याचा कायदा झाला. १९८८ मध्ये त्या सप्ताहाचा महिना झाला. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात तेथील महाविद्यालयांच्या आवारांत आता संगीत, नृत्य, खाद्यपदार्थ यांची रेलचेल असते. पण विद्यार्थ्यांनी प्रथम मागितले होते ते नृत्य नव्हे, हे विसरून चालणार नाही. कॅलिफोर्नियातील महाविद्यालयांत त्यांच्या इतिहासाच्या अध्ययनाचे स्वतंत्र विभाग उघडले, ते या चळवळीचे खरे फळ होय.

आपली स्थिती त्यांच्याइतकी कठीण कधीच नव्हती. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे आपली राज्यघटनाच ३५०-क या अनुच्छेदात सांगते. हिंदी बोलणारे आपले शेजारी हे आपले सोबती आहेत. बाजारात आपण त्यांच्याशी हिंदीत बोलतो आणि ते आपली मराठी समजून घेतात. मग आपली बोली मागे का पडली? मला वाटते, ती दुसऱ्या कोणी दडपली नाही. आपणच तिची लाज धरली. वर्गात एखादा मुलगा 'सर, मले समजलं नाही' असे म्हणाला की आधी हशा पिकतो. त्याची शंका बाजूला राहते आणि त्याचे व्याकरण सुधारले जाते. दोन-तीनदा असे झाले म्हणजे तो मुलगा शंका विचारणेच सोडून देतो. आणि पुढे घर करतो तेव्हा आपल्या मुलांशी हिंदीत बोलू लागतो, कारण हिंदीत त्याला कोणी हसत नाही. मराठी शाळेतून मराठी अशी कमी होते, हे मला फार गंभीर वाटते.

यावर कोणी म्हणतील, मुलांना शुद्ध मराठी शिकवायची नाही काय? अवश्य शिकवावी. उत्तरपत्रिका, अर्ज, निबंध यांसाठी प्रमाण भाषा आलीच पाहिजे. त्यात सवलत मागणे हा आळस होय. परंतु एक भाषा शिकविण्यासाठी दुसरीला हसावे लागत नाही. जळगावकडील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्यांनी घरच्या बोलीत जी गाणी रचली, ती मुलगा सोपानदेव यांनी व एका नातलगाने कागदावर उतरवून ठेवली. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने निघाली, आणि पुण्या-मुंबईच्या पंडितांनीही ती डोक्यावर घेतली. घरातल्या कोणी ती टिपून ठेवली नसती तर? दूर कशाला, २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे लिहिले गेले. ते ऋद्धिपूर अमरावती जिल्ह्यात आहे, आपणांस पुण्याहून कितीतरी जवळ!

वारसा म्हणजे जुने ते सगळे जसेच्या तसे उचलणे, असेही मी म्हणत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी आपल्याकडे जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. बाहेरच्या लोकांना पांढुर्णा ठाऊक असते ते बहुधा त्या दगडांमुळे. पात्रात रोवलेला पळस आणि चंडीमातेवरील श्रद्धा आपली आहे. पण फुटलेली डोकी आणि गेलेले जीव यांचा अभिमान कोणी कसा धरावा? पोळ्याचेच घ्यायचे तर आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून त्यांना जेवणाचे आवतण देतात, ते घ्यावे. तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या घ्याव्यात. या झडत्यांत चेष्टा असते, टोमणे असतात, सावकाराला आणि सरकारलाही चिमटे असतात. भुलाबाईची गाणी अजून कित्येक घरी वडीलधाऱ्या बायकांना तोंडपाठ आहेत.

म्हणून पुढील संमेलनासाठी माझी सूचना अशी की, लेझीम, फेटे खुशाल असोत; पण वक्तृत्वाचा एक गट घरच्या बोलीत ठेवावा आणि झडत्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गावातील दोन वृद्ध शेतकरी बोलवावेत. नाटिकेत एकदा तरी राजाला 'मले' म्हणू द्यावे. आणि या वार्षिकांकाची दोन पाने शब्दांसाठी राखून ठेवावीत. कुटार, गंज, फल्ली, सांबार हे आपले रोजचे शब्द. पुण्याच्या मुलाला सांबार आणावयास सांगितले तर तो कोथिंबिरीऐवजी इडलीच्या दुकानाकडे धावेल! प्रत्येक विद्यार्थ्याने असे दहा शब्द घरातून आणावेत. शब्द, त्याचा अर्थ, एक वाक्य, आणि ज्यांच्या तोंडून ऐकला त्यांचे वय व गाव, एवढे लिहावे. शब्द हिंदीतून अथवा गोंडीतून आलेला दिसला तर तो गाळू नये, बाजूला तशी नोंद करावी. घरातील वृद्ध माणसांपासून आरंभ करावा आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.