जमाखर्च एका जीपचा

या सदरात आम्ही बहुधा मुलांच्या शिक्षणाचे, घरखर्चाचे, नाहीतर कचेरीतल्या अर्जफाट्यांचे विषय घेतो. या खेपेचा विषय मात्र लोखंडाचा आहे. भगिनींनी पान उलटू नये. कारण या कामात शेवटी हिशेब जुळवला तो आमच्या मुलीने, आणि आम्ही बी.कॉम. असून बघत राहिलो.

आमच्या थोरल्या बंधूंनी फार वर्षांपूर्वी सरकारी लिलावात एक जुनी जीप घेतली. चारी चाकांना जोर मिळणारी, जिला पोरे 'फोर बाय फोर' म्हणतात ती. या गाडीचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेच्या विलिस कंपनीने ती सैन्यासाठी काढली. आपल्याकडे १९४५ साली लुधियानात महिंद्र आणि महंमद या नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. या कंपनीने मुंबईत विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या. अशा रीतीने रणांगणावरची गाडी तहसील कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली.

आमच्या लहानपणी वस्तीत जीप शिरली की बाया पोरांना घरात ओढत. जीप म्हणजे फौजदार, नाहीतर अतिक्रमण काढणारे. वडील सांगत, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर साहेबाची जीप दिसली की मुकादम साऱ्यांना उठून उभे करी. तसली गाडी आपल्याच बोळात, आपल्याच किल्लीने सुरू होते, याचे बंधूंना फार अप्रूप होते. ते गेले तेव्हा गाडी पुतण्याकडे आली. पण ती कधी एका घराची राहिली नाही. बाळंतीण, सर्पदंश, लग्नाची भांडी, परीक्षेला निघालेली पोरे, सगळ्यांना तीच. २०१४ साली १०८ ची गाडी सुरू झाल्यापासून हे काम कमी झाले, पण थांबले नाही.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री मंगळवेढा रस्त्यावरच्या खेड्यातून एका अडलेल्या बाईला घेऊन आम्ही सोलापूरला येत होतो. पुतण्या चालवत होता, आम्ही शेजारी. तिऱ्ह्याजवळ सीनेच्या पुलाअलीकडे एक खड्डा चुकवताना न चुकला. खाडकन् आवाज झाला आणि स्टिअरिंग पुतण्याच्या हातात थडथडा नाचू लागले. पुढची दोन्ही चाके फडफडत होती, गाडी डावीकडे ओढत होती. त्याने ब्रेकवर उडी न मारता गाडी हळूहळू आवरली म्हणून आम्ही हे सदर लिहायला शिल्लक आहोत. पुढचे अंतर बैलगाडीच्या चालीने काटले. बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पण आम्हाला पहाटेपर्यंत झोप आली नाही.

त्याचे कारण वेगळेच होते. तीन महिन्यांपासून गाडीच्या पुढच्या बाजूने 'कट्ट कट्ट' आवाज येत होता. पुतण्याने दोनदा सांगितले, "नाना, एकदा खाली बघायला पाहिजे." आम्ही म्हणालो, जयंतीचा हिशेब होऊ दे, मग बघू. मग म्हणालो, शिबिर होऊ दे. सभेत उभे राहून 'जबाबदारी घ्या' असे सांगणारे आम्ही, आणि लोकांना ज्या गाडीत बसवतो तिच्याखाली एकदा वाकून बघितले नाही. हा खर्च आमच्याच नावे पडला, हे आधी नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी खाली पाहिले. डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटला होता, मुख्य पाट्याला भोकाजवळ तडा होता आणि ॲक्सल अर्धा इंच मागे सरकला होता. एका गॅरेजवाल्याने पाहिले आणि म्हणाला, तड्यावर वेल्डिंग मारून संध्याकाळी देतो. पुतण्याला ते पटले, खिशालाही पटण्यासारखे होते. पण आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर राहतात, सारी वस्ती त्यांना मामा म्हणते. ते म्हणाले, "पाटा म्हणजे खिडकीचा गज नव्हे. त्याला ताव देऊन, पाणी देऊन लवचीक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं. आज जोडलेला दिसेल, उद्या शेजारीच मोडेल. आणि उद्या गाडीत कोण असेल हे तुला ठाऊक आहे का?" या शेवटच्या वाक्याने वाद संपला. काम घरीच, बोळाच्या तोंडाशी, मामांच्या देखरेखीखाली करायचे ठरले.

जीपच्या पुढे मोटारीसारखी गोल स्प्रिंग नसते. एकाखाली एक असे लोखंडी पाटे असतात, त्याला कमान म्हणतात. आम्ही मामांना विचारले, आठ पातळ पाटे कशाला, एकच जाड का नाही? तर पाट्याची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा आठपट होतो. मग तो वाकत नाही, गाडीच उडते आणि शेवटी पाटा मोडतो. आठ पातळ पाटे मिळून ओझे उचलतात, वाकतातही, आणि एकमेकांवर घासून उसळी थोडी जिरवतात. वरच्या मुख्य पाट्याला दोन्ही टोकांना डोळे असतात, तोच ॲक्सलला जागेवर धरतो. एक टोक चासीला खिळलेले, दुसरे शॅकलवर झुलते, कारण कमान दबली की लांब होते आणि त्या लांबीला जागा लागते.

आमचे पहिले काम म्हणजे रजिस्टर. कारकुनाला पाना धरता येत नाही, पण नोंद धरता येते. निघालेली प्रत्येक वस्तू डाव्या रकान्यात, बसवलेली उजव्या रकान्यात. वही मुलीकडे दिली. ती प्रत्येक बोल्ट डब्यात टाकण्याआधी तो कुठला, कोणत्या बाजूचा आणि कसा बसला होता हे लिही, लागले तर चित्रही काढी. पोरे हसत होती. पुढे हसली नाहीत.

गाडी उचलताना शेजाऱ्याने विटा आणून दिल्या. मामांनी त्या परत पाठवल्या. वीट भाराखाली एकदम फुटते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे उगाच जिवाशी खेळ. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, चासीखाली लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून बघितली, मगच चाके काढली. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे दुसरी बाजू ॲक्सलला धरून राहते. ब्रेकच्या रबरी नळीवर कसलेही वजन लोंबू द्यायचे नाही.

पहिल्या दिवशी शॅकलनेच दमवले. रॉकेल पाजून, हातोडीने ठोकून एक निघेना. पुतण्याने पान्याला पाइप लावून जोर काढला, तेवढ्यात मामा ओरडले, "थांब, उलटा फिरव!" या जुन्या जीपांत काही शॅकलचे आटे उलटे असतात. उलटा फिरवल्यावर तो सुटला. आम्ही दोन तास तो घट्ट करत बसलो होतो! चळवळीतही असे होते, पण तो विषय पुन्हा कधीतरी. त्या दुपारी सगळ्यांनी तिथेच बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. हात रॉकेलचे होते, तरी चव बिघडली नाही.

पाटे कमानवाल्या चाचांकडे नेले. मुख्य पाटा नवा घेतला. बाकीचे गंज काढून, ठोकून मूळ बाकात आणले, दोन्ही बाजूंची उंची दोरीने मोजून सारखी केली. पुतण्या म्हणाला, "चाचा, एक पाटा जादा टाका, मजबूत होईल." चाचा म्हणाले, "बेटा, मजबूत नाही, सख्त होईल. मग धक्का चासी खाईल, नाहीतर पेशंट खाईल." सेंटर बोल्ट नवा घेतला आणि चारही यू-बोल्ट नवे घेतले. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो, कमान ॲक्सलला आवळून धरतात ते यू-बोल्ट. ते ढिले पडले की सारा मार सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. आमचा 'कट्ट कट्ट' आवाज हाच होता. एकदा ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, हे पैसे वाचवण्याचे ठिकाण नव्हे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर किंगपिनचे बेअरिंगही खिळखिळे लागले, तीही बदलली.

आता रजिस्टरची गोष्ट. जोडणीच्या वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, दोन पाचरी राहिल्यात, पण माझ्या चित्रात दोन्ही एकसारख्या नाहीत." ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ अशी लोखंडी पाचर असते. तिच्या चित्रात उजव्या पाचरीची जाड बाजू पुढे होती आणि डावीची मागे. मामांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. मग मुलीला सायकल आणायला सांगितली. म्हणाले, "पुढचा चिमटा बघ, वरून मागे कललेला आहे. म्हणून चाक आपोआप सरळ राहतं. जीपचा किंगपिनही वरून थोडा मागे कललेला लागतो. आपल्या गाडीत पाटे ॲक्सलच्या खाली आहेत, म्हणून जाड बाजू पुढे पाहिजे, दोन्हीकडे." ॲक्सल एकच, अखंड. त्याला उजवी पाचर मागे कलवत होती, डावी पुढे. दोघींच्या भांडणात कल उरलाच नव्हता. मागे कधीतरी कोणीतरी डावी पाचर उलटी बसवली होती, आणि एवढी वर्षे आम्ही 'गाडी जुनी आहे, ओढणारच' असे म्हणत आलो. ती नोंद नसती तर आम्हीही ती तशीच बसवली असती.

पुढचे काम सरळ झाले. शॅकलचे बुश दोन्हीकडून सारखे आत घेतले आणि किंचित सैल ठेवले. ते करकचून आवळले की शॅकल झुलत नाही, मोडतो. निप्पलमधून ग्रीस भरले. रबरी बुशाचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच घट्ट केला. गाडी वर असताना आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाकांचा पुढचा जोड खडूने टायरवर रेघ मारून आणि काठीने मोजून घेतला. पुढे अंतर मागच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी हवे, टाय रॉड फिरवून तेवढे आणले. रात्री मुलीने वही जुळवली. दोन्ही रकाने बरोबर आले, डब्यात एक वॉशरही उरला नाही. एवढा सुरेख ताळेबंद आमच्या कचेरीत आम्ही अजून पाहिलेला नाही.

पहाटे होटगी रस्त्यावर मोकळ्यात गाडी काढली. पुतण्याने क्षणभर स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ गेली. तो काही बोलला नाही. मामा मागे बसले होते, तेही बोलले नाहीत. घरी आल्यावर मामांनी एवढेच सांगितले की तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण नवे लोखंड जागेवर बसताना थोडे सैल होतेच.

वाचकहो, तुमच्याकडे जीप नसेल. स्कूटर असेल, शाळेची रिक्षा असेल, वस्तीच्या समाजमंदिराचा जिना असेल. कुठेतरी 'कट्ट कट्ट' आवाज येत असेल आणि कोणीतरी लहान माणूस तो तुम्हाला दोनदा सांगून गेला असेल. तिसऱ्यांदा सांगायची वेळ त्याच्यावर आणू नका. वही करा, आणि वही अशा हातात द्या की जो दिसेल तेच लिहील.

परवा आम्ही कचेरीतून आलो तो गाडीखालून दोन पाय बाहेर दिसले. पुतण्या यू-बोल्ट आवळत होता. मुलगी शेजारी उकिडवी बसून वहीत लिहीत होती : 'तीनशे चार किलोमीटर. चारही तपासले. डावा पुढचा अर्धा आटा फिरला.' आम्ही पिशवी ठेवली आणि ठोकळे नीट लागलेत का, ते वाकून बघितले.