घड्याळाला सोने की प्लॅटिनम?

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात घनता शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, प्लॅटिनम सोन्याहून जड आणि दुर्मिळही. मग सर्वांत उत्तम घड्याळ प्लॅटिनमचेच असणार ना?" तास संपत आला होता. मी "हो, तसेच" म्हणून फळा पुसला. घरी येईपर्यंत ध्यानात आले, की उत्तर चुकले. 'महाग ते चांगले' हा समज भौतिकशास्त्र शिकविणाऱ्यालाही असा चकवतो! म्हणून ही दुरुस्ती.

विद्यार्थी मित्रांनो, जिनीव्हाच्या पाटेक फिलिप या कारखान्याने १९८९ मध्ये आपल्या दीडशेव्या वर्षानिमित्त 'कॅलिबर ८९' नावाचे खिशात ठेवावयाचे घड्याळ तयार केले. त्यात १७२८ भाग होते. नग चारच : पिवळे सोने, गुलाबी सोने, पांढरे सोने आणि प्लॅटिनम यांचा प्रत्येकी एक. चारही घड्याळांत यंत्र तेच. फरक बाहेरच्या कवचाचा. मनगटी घड्याळाच्या गिऱ्हाइकापुढेही हीच निवड असते. मग कवचाने फरक पडतो का?

घड्याळ केवळ वेळ व तारीख दाखविणारे असेल, तर फारसा पडत नाही. पण काही घड्याळे वेळ वाजवूनही दाखवितात. त्यांना मिनिट रिपीटर म्हणतात. विजेचे दिवे नव्हते त्या काळी अंधारात वेळ कळावी म्हणून ही युक्ती निघाली. बाजूची पट्टी सरकवली, की दोन चिमुकल्या हातोड्या पोलादी तारांवर टोले देऊ लागतात. आधी तासांचे खर्ज टोले, मग प्रत्येक पाव तासाला खर्ज व तार अशी जोडी, शेवटी उरलेल्या मिनिटांचे तार टोले. बारा वाजून एकोणसाठ मिनिटांनी पट्टी सरकवा : बारा टोले, तीन जोड्या आणि चौदा टोले. एकूण बत्तीस!

या तारा यंत्राभोवती गोल वळवून बसविलेल्या असतात आणि अगदी बारीक असतात. बारीक तार हवेला फारशी ढकलू शकत नाही. तंबोऱ्याची तार भोपळ्यावाचून किती ऐकू येईल? घड्याळात भोपळ्याचे काम कवच करते. म्हणून हे कवच सहज थरथरणारे हवे.

शाळेतला नादकाटा घ्या. तो वाजवून दांडा लाकडी टेबलावर टेकवा. आवाज एकदम वाढेल, पण लवकर विरेल, कारण काट्यातील ऊर्जा टेबलामार्फत झपाट्याने हवेत जाते. आता तोच दांडा स्वयंपाकघरातील जाड दगडी ओट्यावर टेकवा. आवाज क्षीणच राहील. तेवढ्याच बलाने जड वस्तू कमी हलते, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमात तुम्ही शिकलाच आहात.

आता हिशेब करू. कवचाला ३ घन सेंटिमीटर धातू लागतो असे समजा. पोलादाचे कवच सुमारे २४ ग्रॅम भरेल. अठरा कॅरट गुलाबी सोन्याचे, म्हणजे तीन भाग सोने आणि उरलेल्या भागात मुख्यतः तांबे, असे कवच सुमारे ४५ ग्रॅम भरेल; आणि घड्याळात वापरतात त्या ९५ टक्के शुद्ध प्लॅटिनमचे सुमारे ६० ग्रॅम. म्हणजे प्लॅटिनम हा आपला दगडी ओटा! अशा घड्याळांच्या शौकिनांतही प्लॅटिनमचा आवाज दबका आणि गुलाबी सोन्याचा मोकळा, असेच बहुधा मानले जाते. टोले देणाऱ्या घड्याळासाठी मला निवड करावयाची झाली (मास्तरच्या पगारात ती होणार नाही, हे सोडा), तर मी गुलाबी सोनेच घेईन. यावर उपाय निघाले आहेत. काहींनी तारा कवचाऐवजी वरच्या काचेला जोडल्या. पण आधी जड कवच करून मग त्याच्याशी झगडायचे, हे मला उलटेच वाटते.

प्लॅटिनमची बाजूही सांगावयास हवी. त्यावर ओरखडा पडला तर धातू सहसा झिजून जात नाही, बाजूला सरकतो. गुलाबी सोन्यातील तांब्याने कालांतराने रंग किंचित बदलतो, तसे प्लॅटिनमचे होत नाही. घड्याळ मुकेच असेल तर प्लॅटिनमला माझी हरकत नाही. पण किंमत हे कारण देऊ नका. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश लोकांना ही धातू सोन्यात मिसळलेली सापडली, तेव्हा त्यांनी तिला 'प्लाटिना', म्हणजे क्षुल्लक चांदी, असे हिणवले. २०१५ पासून बहुतेक काळ तिचा ग्रॅमचा भाव सोन्याहून खालीच राहिला आहे. तरी प्लॅटिनमचे घड्याळ सहसा सोन्याच्या घड्याळापेक्षा महाग पडते. धातू अधिक वजनाची लागते, ती कापताना हत्याराला चिकटते आणि नग थोडेच काढतात.

आणखी एक गंमत. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनीव्हाला एका धर्मादाय लिलावात याच कारखान्याचे 'ग्रँडमास्टर चाइम' हे टोले देणारे मनगटी घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेले. त्याआधी ते गुलाबी आणि पांढऱ्या सोन्यात निघाले होते. लिलावातला हा नग मात्र पोलादाचा होता, आणि पोलादाचा तेवढा एकच.

वर्गात ही हकीकत सांगून मी माझे जुने उत्तर मागे घेतले. तोच विद्यार्थी उठून म्हणाला, "पण सर, त्या पोलादी घड्याळाचा आवाज कसा होता?" आम्ही नादकाटा घेऊन प्रयोगशाळेच्या पोलादी कपाटाकडे गेलो.