हजेरीपट आणि वर्तमान

‘घरी शिकणाऱ्या मुलाला जगाचे भान कसे येणार?’ हा प्रश्न आपल्या शिक्षकवर्गात इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्यामागे एक गृहीतक दडले आहे याची जाणीवही विचारणाऱ्याला नसते. शाळेत जाणाऱ्या मुलाला जगाचे भान येतेच, हे ते गृहीतक. हजेरीपटावर नाव असले की मूल समाजात आहे. नाव नसले की ते चार भिंतींत कोंडलेले आहे. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. पण त्याच्या विरोधात ‘शाळा म्हणजे तुरुंग आणि घर म्हणजे मुक्तांगण’ असे सांगणारा जो सुस्थित, शहरी आणि काहीसा आत्मसंतुष्ट पक्ष अलीकडे तयार झाला आहे, त्याचेही म्हणणे तितकेच अमान्य आहे. मूल कोणत्या छपराखाली बसते यावर या दोघांचे भांडण चालले आहे. ते काय वाचते, कशाविषयी बोलते आणि त्याच्या बोलण्याला कोणी उत्तर देते काय, हा खरा प्रश्न दोघांनीही टाळला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना तर तो टाळण्याची मुभाच नाही. कारण घरी शिकलेल्या किशोरवयीन मुलीची प्रतिमा मराठी गद्याच्या इतिहासात अगदी प्रारंभापासून उभी आहे. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आलेल्या रमाबाई रानडे यांनी शाळा अशी पाहिलीच नव्हती. त्यांचे शिक्षण झाले ते न्यायमूर्ती रानड्यांकडून, घरात, आणि घरातल्या इतर स्त्रियांचा कडवा विरोध सोसत. १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा रमाबाई पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. ते साल आठवून पाहावे. दख्खनच्या दुष्काळाची झळ अजून ओसरली नव्हती. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा लिटनच्या सरकारने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केला होता. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि त्या संशयाच्या वातावरणात रानड्यांना धुळ्याला हलविण्यात आले. ज्या घरात ही मुलगी शिकत होती, त्या घराच्या उंबरठ्यावर चालू घडामोडी येऊन उभ्या होत्या. तिचा अभ्यास आणि देशाचे राजकारण यांच्यामध्ये शाळेची भिंत नव्हती, आणि म्हणून त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणेही शक्य नव्हते.

दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे. मुलीला शिकविले ते घरीच. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली), आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर ताशेरे ओढले गेले. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा १८८२ चा निबंध या बातमीच्या आणि बातमीवरील भाष्याच्या वाचनातून जन्मला. म्हणजे मराठीतल्या एका अत्यंत धारदार वादलेखनाचे बीज कोणत्याही वर्गात पडलेले नाही. घरी शिकलेल्या एका बाईने वर्तमानपत्र संतापून वाचले, त्यात ते आहे.

आता आपण हे कसे शिकवितो ते पाहावे. रमाबाईंचे १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक ‘आदर्श सहजीवनाचा आलेख’ म्हणून शिकविले जाते. ताराबाई ‘आद्य स्त्रीवादी’ या बिरुदाखाली झाकल्या जातात; तो निबंध कोणत्या खटल्याला, कोणत्या टीकेला उत्तर होता, हे टिपेत जाते. वाचनाची जी कृती या दोघींना घडवीत होती, तीच आपण अभ्यासातून काढून टाकली आहे. मग घरी शिकणारी आजची मुलगी रोज दोन वर्तमानपत्रे वाचते असे कोणी सांगितले, तर आपल्याला त्यात परंपरा दिसत नाही, विक्षिप्तपणा दिसतो.

मात्र येथे थांबलो तर घरशिक्षणाचा जयजयकार करणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत दिल्यासारखे होईल. रमाबाई सार्वजनिक समारंभात प्रथम बोलल्या त्या नाशिकमध्ये, आणि ते भाषण रानड्यांनी लिहून दिलेले होते. आनंदीबाई जोशी यांनी वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या सभेत इंग्रजीतून आपल्या अमेरिकागमनाचे समर्थन केले. पण त्याच आनंदीबाईंनी शिकण्याच्या काळात गोपाळरावांकडून झालेल्या मारहाणीची आठवण पत्रातून त्यांनाच करून दिली आहे. घरातले शिक्षण एका माणसाच्या मर्जीवर चालते. ती मर्जी उदार असली तर रमाबाई घडतात. ती फिरली तर तक्रार कोठे करावयाची? शाळेला निदान एक दार असते, आणि त्या दारावर हक्क सांगता येतो.

हा हक्क ज्यांनी मागितला त्यांच्याकडे घरी शिकविण्याजोगे घरच नव्हते. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेची विद्यार्थिनी होती, वय अवघे चौदा. आपल्या जातीवर कालपरवापर्यंत काय गुजरले आणि आज काय गुजरत आहे, हे तिने रोखठोक मांडले. तिला घर शिकवू शकले नसते. शाळेने शिकविले, आणि मुख्य म्हणजे बोलू दिले. ताराबाईंचा निबंध ज्या वर्षी निघाला, त्याच १८८२ मध्ये जोतीराव फुले हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, असे मागणे मांडत होते. एकाच वर्षातल्या या दोन मजकुरांना एकत्र वाचावे. घरी शिकलेली बाई वर्तमानाशी भिडू शकते, हे पहिला सांगतो. सर्वांना ते घर लाभत नाही, हे दुसरा बजावतो. शिक्षणहक्क कायदा २०१० साली अमलात येईपर्यंत या मागणीला सव्वाशेहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. ती वाट विसरून ‘शाळेची गरजच काय’ असे विचारणे हा कृतघ्नपणा आहे. नाशिक जिल्ह्यात तर तो अधिकच बोचणारा. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांनी कुणब्यांच्या पोरांसाठी येथे शाळा उभ्या केल्या, त्या काही हौस म्हणून नव्हेत.

आणि तरीही शाळेला जाब विचारलाच पाहिजे. तो विचारण्यासाठी सायखेड्यासारखे गाव बरे. निफाड तालुक्यातले, गोदाकाठचे हे गाव. पलीकडे चांदोरी, खाली नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय. येथल्या पंधरा वर्षांच्या मुलाला चालू घडामोडी शोधावयास कोठे जावे लागत नाही. त्या घरात शिरतात. गंगापूर धरणातून पाणी सुटले आणि २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर नदी अक्षरशः घरात शिरली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठविली ती किमान निर्यातमूल्याची आणि शुल्काची अट घालून. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला. सायखेड्याच्या उपबाजारात ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या बापाच्या चेहऱ्यावर ज्याने यातली प्रत्येक तारीख वाचली आहे, त्या मुलाला ‘वर्तमान’ या शब्दाचा अर्थ कोणी सांगावयास नको. ग्राहकाला स्वस्त कांदा आणि उत्पादकाला रास्त भाव यांतला झगडा, दिल्लीतली अधिसूचना आणि बांगलादेशची बाजारपेठ, धरणाचे दरवाजे उघडण्याचा निर्णय कोण कोणत्या हिशेबाने घेतो, हे सारे त्याच्यापुढे आहे.

हेच मूल वर्गात येऊन काय करते? मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘उपयोजित लेखन’ या सदराखाली बातमी लिहिते. बातमी कशाची? अमुक विद्यालयात वार्षिक स्नेहसंमेलन उत्साहात संपन्न झाल्याची, वृक्षारोपणाची, मराठी भाषा गौरव दिनाची. न घडलेला कार्यक्रम, न आलेले पाहुणे, न झालेले भाषण. आणि खाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. गुण पुरे. भाषेच्या तासाला, वर्तमानाच्या नावाने, आपण मुलांना खोटी बातमी नीटनेटकी लिहावयास शिकवितो, आणि समाजमाध्यमांवरच्या खोट्या बातम्यांविषयी परिसंवादही आपणच भरवितो. ‘चालू घडामोडी’ हा शब्दसुद्धा आता स्पर्धा परीक्षांच्या बाजाराने गिळला आहे. कोणत्या देशाचे पंतप्रधान कोण, कोणता पुरस्कार कोणास, हे पाठ असले की घडामोडी आल्या. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आणि वर्ष २०२०, हे उत्तर बरोबर. त्या पाणथळीचा आणि सायखेड्यात शिरणाऱ्या पुराचा काही संबंध असू शकेल काय, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा.

घरशिक्षणवाल्यांचे काय? २०१६ साली मुंबईतल्या एका सतरा वर्षांच्या मुलीला सातवीनंतर शाळा सोडलेली असूनही अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. तिची गुणवत्ता निर्विवाद होती. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधील तीन पदकांची ती मानकरी. बारावीच्या दाखल्याअभावी देशातल्या आयआयटीचे दार मात्र तिला बंद होते, ही आपल्या व्यवस्थेची शोभा. परंतु त्या यशाचा जो उत्सव झाला, त्यात घरशिक्षणाचे समर्थन कोणत्या भाषेत झाले? प्रवेशाच्या, पदकाच्या, परदेशी नावाच्या; म्हणजे ज्या शाळेला ते नाकारतात, तिच्याच भाषेत. घरी शिकणारे मूल शेजारच्या वस्तीविषयी काय जाणते, ग्रामसभेत कधी बसले आहे काय, हे कोणी विचारले नाही. केंद्र सरकारने २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात स्वेच्छेने घरशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड शिक्षणहक्क कायदा येत नाही अशी भूमिका घेतली; ते योग्यच झाले. पण ही मोकळीक वापरू शकणारे पालक कोण, आणि निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला आलेल्या कुटुंबातले शाळाबाह्य मूल कोण, हा भेद ‘घरी आहे’ या दोन शब्दांत बुडवून टाकता येणार नाही. एकाला घर ही निवड आहे. दुसऱ्याच्या वाट्याला शाळाही नाही आणि धड घरही नाही.

महाराष्ट्रात यांतला जो कोणी पुढे दहावीला बसतो, तो बहुधा सतरा नंबरचा अर्ज भरूनच. त्याचे ‘शालेय जीवन’ म्हणजे संपर्क केंद्रावरच्या काही खेपा आणि परीक्षेचे आठ-दहा दिवस. तेवढ्या खेपांत त्याला शाळेने काय दिले, असे विचारण्याऐवजी आपण त्याच्याकडे ‘बाहेरचा’ म्हणून पाहतो. मार्च २०२० नंतर टाळेबंदीत राज्यातली सारीच मुले ‘बाहेरची’ झाली होती. त्या काळात शाळेने काय वाचविले, तर अभ्यासक्रम आणि हजेरी. घराबाहेर जे घडत होते, त्यावर मुलांशी बोलण्याची सवड किती वर्गांनी काढली?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. वर्गात वर्तमान आणले की राजकारण येते. कांद्याच्या निर्यातबंदीवर बोलणारा शिक्षक उद्या कोणाच्या तरी तक्रारीला उत्तर देत बसेल. ही भीती खोटी नाही. परंतु भीतीला अध्यापनशास्त्राचे नाव देऊ नये. मूल घरी त्या विषयावर ऐकतेच. फक्त एकाच बाजूचे, आणि प्रश्न न विचारता ऐकते. मतभेद असलेली दहा मुले एका खोलीत बसू शकतात, हे घराला न जमणारे आणि शाळेला सहज जमणारे एकमेव काम. तेच शाळेने सोडून दिले, तर तिच्या बाजूने बोलण्यासारखे पोषण आहार आणि दाखला यांपलीकडे फारसे उरत नाही.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांपुढे प्रस्तुत लेखकाची मागणी साधी आहे. ‘बातमी लेखन’ शिकवायचे असेल, तर गावातली घडलेली बातमी लिहू द्या: बाजार समितीतला आजचा भाव, पुराच्या पंचनाम्यात कोणाचे घर धरले आणि कोणाचे सुटले. ताराबाई शिकवायच्या असतील, तर ज्या बातमीवर त्या चिडल्या ती आधी शिकवा. सतरा नंबरच्या अर्जाने आलेल्या मुलाला त्याचे नाव विचारून झाले, की तो काय वाचतो हेही विचारा. आणि उत्तर ऐकून वर्गातल्या पन्नास जणांनाही तोच प्रश्न करा. दोन्ही उत्तरे समोर आल्यानंतर जगापासून तुटलेले मूल कोणते, हे ठरवू.