गळ घालायला गेलो होतो

‘गळ घालणे’ हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. वाक्यात उपयोग करा म्हटले की मुले हमखास लिहितात, ‘रमेशने आईला सहलीसाठी गळ घातली.’ हा रमेश कोण, आणि त्याची आई त्याला अजून सहलीला का पाठवीत नाही, हे मला कळलेले नाही. माशासाठी टाकायचा गळ पुल्लिंगी आणि माणसाला घालायची गळ मात्र स्त्रीलिंगी, हेही एक गूढच. असो. सांगायचे ते एवढेच की यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दोन्ही गळ मी एकाच दिवशी, एकाच होडीत हाताळले, आणि दोन्ही बाबतींत माझी व्हायची तीच फजिती झाली.

आमची अक्का पेणजवळच्या खारेपाटात दिलेली. आम्ही मूळचे रोह्याचे, म्हणजे कुंडलिकेच्या काठचे. घाटावर मुळशीला अडवलेले पाणी १९२७ सालापासून भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरते, म्हणून आमची नदी वैशाखातही वाहती असते. त्यामुळे आम्हां रोहेकरांना उगाचच वाटते की पाणी म्हणजे काय ते आपल्यालाच ठाऊक. अक्का सासरी गेली आणि तिने आमचा हा गर्व उतरवला. खारेपाटात पाणी हे वाहत नाही, ते चढते. भरतीला धरमतरच्या खाडीचे पाणी बाहेरकाठ्याला येऊन टेकते, आणि माणसे त्या मातीच्या बांधाच्या अलीकडे, समुद्राच्या पातळीच्या जरा खालीच, भात लावतात. उघाडीची फळी वेळेवर पाडली नाही की खारे पाणी शेतात. एकदा ते शिरले की पुढची दोन-तीन वर्षे पीक नाही.

आणि घराशेजारी तळे. खारेपाटात तळे नसलेले घर म्हणजे देवघर नसलेले घर. त्या तळ्यात जिताडा. वाचक मुंबईचे असतील तर त्यांनी हॉटेलच्या पाटीवर रावसाला ‘इंडियन सामन’ म्हटलेले पाहिले असेल. त्या दोघांचे नाते माझे आणि अकबर बादशहाचे असावे तितकेच आहे. पण पेणच्या माणसाला विचाराल तर सगळ्या माशांचा राजा एकच, जिताडा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी त्याची वीण होते, बोटाएवढी पिल्ले भरतीबरोबर खाजणात चढतात, लोक ती धरून तळ्यात सोडतात. तिथे ती कोळंबी आणि बारकी मासळी खाऊन दोन-तीन वर्षांत ताटात मावेनाशी होतात. सरकारदरबारी अडलेली कामे या माशाने सोडवल्याच्या पुष्कळ गोष्टी आमच्याकडे सांगतात. त्या खऱ्या की खोट्या या वादात मी पडत नाही. जिताडा जन्मतो नर म्हणून, आणि पुढे वाढला की मादी होतो, हे मात्र शास्त्राने सिद्ध केलेले आहे. ही गोष्ट मी अक्काला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे शहाणा होतो.”

तीन वर्षांपूर्वी मेहुणे गेले. २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझच्या जमिनीबाबत बावीस गावांनी मतपेटीतून कौल दिला, तेव्हा ते सकाळपासून रांगेत उभे होते. जमीन त्यांच्या जिवाची होती. दोन वर्षांपूर्वी बाहेरकाठा फुटला. भात गेले. जिताड्याला खाऱ्या पाण्याचे काही नाही, तो राहिला. आता जमीन घेणारा गिऱ्हाईक दारात येऊन बसतो आणि चहा पिऊन जातो. विकायची तर मुलाची सही हवी, आणि मुलगा अमेरिकेत, मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स या गावी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. वडिलांच्या दिवसांना आला होता तो दहा दिवस राहून गेला. त्यानंतर नाही.

“फोनवर विचारलं तर तो ‘आई, तुला हवं ते कर’ म्हणेल,” अक्का म्हणाली. “तू जा. त्याच्या डोळ्यांत बघून विचार. येणार असशील तर तळं ठेवते म्हणावं. जरा गळ घाल.”

तिकीट भाच्यानेच पाठवले. मी मेमध्ये गेलो. पहिले चार दिवस मला विषय काढताच आला नाही. वर्गात शंभर मुलांपुढे तोंड चालते, पण एका भाच्यापुढे चालेना. पाचव्या दिवशी, शनिवारी, तो म्हणाला, “मामा, पहाटे मासे धरायला जाऊ.” मला वाटले, बरे झाले. काठावर गळ टाकून बसायचे, बोलायला निवांत वेळ मिळेल. माझ्या डोळ्यांपुढे कुंडलिकेचा काठ, कळकाची काठी आणि गरवायला बसलेले आजोबा होते.

लुडिंग्टन नावाच्या बंदरावर पोचलो तेव्हा उजाडायचे होते. समोर जे होते त्याला ते लोक तळे म्हणतात. आपले आठ रायगड जिल्हे आत बसतील एवढे ते मिशिगन तळे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, खोली जास्तीत जास्त २८१ मीटर. आणि पाणी गोडे! मी वाकून ओंजळभर चाखून पाहिले. दात वाजले.

भाच्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा होडीचा मालक. मी दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून बसलो. होडी बाहेर पडली आणि थांबेचना. “अरे, नांगर कधी टाकणार?” मी विचारले. “नाहीच टाकायचा,” भाचा म्हणाला. “चालत्या होडीमागे गळ ओढत न्यायचा. हेच ट्रोलिंग.”

आजकाल ट्रोल हा शब्द आपल्याकडे भलत्याच उद्योगाला लावतात. हा उद्योग निराळा, आणि पुष्कळच सभ्य. मी मनाशी त्याला ‘ओढता गळ’ असे नाव दिले. होडीच्या मागच्या अंगाला सात-आठ काठ्या रोवलेल्या. काही दोऱ्या लाकडी फळ्यांना अडकवून डावी-उजवीकडे दूर सोडतात, म्हणजे होडीच्या आवाजाने बुजलेला मासाही टप्प्यात येतो. उरलेल्या दोऱ्या खोल न्यायच्या. त्यासाठी तारेला टांगलेला पाच किलोचा शिशाचा गोळा असतो. दोरी त्याला एका चिमट्याने धरायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की चिमटा सुटतो, वाकलेली काठी ताडकन सरळ होते, आणि मग मासा आणि माणूस यांच्यामध्ये दुसरे कोणी उरत नाही. ऑगस्टमध्ये वरचे पाणी तापते. तेव्हा हे मासे थंड पाण्याचा थर शोधीत खाली जातात, आणि तो थर नेमका किती खोल आहे हे ओळखणे हीच कला. मेमध्ये सगळेच पाणी गार, म्हणून गळ वरपासून खालपर्यंत विखरून सोडले होते.

गळाला आमिष कसले? चमचा! दांडी नसलेला, चकचकीत, हिरवी-रुपेरी पट्टी मारलेला पत्र्याचा तुकडा. तो पाण्यात हेलकावतो आणि माशाला वाटते जखमी मासोळी चालली आहे. होडीचा वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमचे सेवानिवृत्त गृहस्थ सायंकाळी फिरायला जातात तितका. “वेग कमी झाला तर चमचा मेल्यासारखा लोंबतो,” भाचा सांगत होता, “जास्त झाला तर नुसता गिरक्या खातो. दोन्हींना मासा फसत नाही.” चमच्यांविषयी हे मला नवीन नव्हते, आयुष्य नोकरीत गेले आहे.

म्हातारा सुकाणू धरून बोलत होता, भाचा मला सांगत होता. ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. या तळ्याचा मूळचा राजा लेक ट्राउट. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू, बिनजबड्याचा प्राणी आत शिरला, १९३६ मध्ये या तळ्यात दिसला, आणि पंधरा-वीस वर्षांत त्याने ट्राउट संपवले. खाणारा उरला नाही तेव्हा ॲलवाइफ नावाची, तीही समुद्रातूनच आलेली, बारकी मासोळी बेसुमार वाढली. १९६७ च्या उन्हाळ्यात ती मरून किनाऱ्यावर आली तेव्हा ढीग उचलायला यंत्रे लावावी लागली. त्याआधीच हॉवर्ड टॅनर या मिशिगनच्या मत्स्याधिकाऱ्याने एक धाडस केले होते. पश्चिमेच्या ऑरेगनहून पॅसिफिक महासागरातल्या कोहो सामनची अंडी आणवली, पिल्ले वाढवली आणि १९६६ मध्ये इथल्या नद्यांत सोडली. पुढच्याच वर्षी चिनूक सामन. समुद्राचे मासे गोड्या पाण्यात जगतील का, ही शंका होती. ते जगले, फोफावले. आणि नवल असे की जन्मात समुद्र न पाहिलेले हे मासे तीन-चार वर्षांनी ज्या नदीत सोडले होते तीच नदी वासावरून हुडकून परत येतात, अंडी घालतात आणि मरतात. सामन परततो तो नदीत चढून. आमचा जिताडा विणीला खाली समुद्राकडे उतरतो. दोघांचे रस्ते उलटे.

“म्हणजे सगळं छानच झालं म्हणायचं,” मी म्हणालो.

“तसं नाही, मामा. शेजारच्या ह्युरन तळ्यात २००३-०४ च्या सुमारास ॲलवाइफ संपली, आणि मागोमाग तिथला चिनूक बसला. बाहेरून आणलेला मासा बाहेरून आलेल्या मासोळीवर जगतो. ती गेली की तो गेला.”

हे तो पाण्याकडे बघत म्हणाला. मला वाटले, आता विचारावे. तोंड उघडले, तेवढ्यात खालच्या गळाची काठी उसळली.

पस्तीस मीटरवरून भाच्याने जो वर आणला तो लेक ट्राउट होता, करड्या अंगावर फिके ठिपके, चारेक किलोचा. पुन्हा पिल्ले सोडून आणि लॅम्प्रेला औषध घालून तो या तळ्यात टिकवला आहे. भाच्याने गळ अलगद काढला, मासा दोन्ही हातांत धरून क्षणभर पाण्यात ठेवला आणि सोडून दिला. “हा इथलाच,” तो म्हणाला. “बाकी सगळे आणलेले.”

माझ्या तोंडून निघून गेले, “बाळू, तळ्याचं काय करायचं?”

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, “बाबांनी सोडलेला तो मोठा आहे अजून?”

“आहे. अक्का रोज बारकी मासळी टाकते. तिच्या पायांचा आवाज ओळखतो.”

“मी परत येईन असं म्हणत नाही, मामा. विका, असंही म्हणवत नाही.”

“हे काय उत्तर झालं?” मी चिडलो. खरे म्हणजे मी स्वतःवरच चिडलो होतो. गळ घालायची म्हणजे गोड बोलायचे, आणि मी परीक्षकासारखा गुण कापत होतो.

वाद तिथेच राहिला, कारण उजवीकडची काठी वाकली आणि भाच्याने ती माझ्या हातात दिली. पुढची दहा मिनिटे मी ज्या प्राण्याच्या ताब्यात होतो तो चिनूक होता असे म्हातारा म्हणाला. चाकावरून दोरी करकरत सुटत होती. मी ओढले की तो शंभर हात लांब पळे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे, काठी, दोरी, गळ, आमिष सगळे त्यात सांगितले आहे. आम्ही मराठीवाले त्या ग्रंथाला दोन-चार मराठी ओळींसाठी हात लावतो आणि मासे सोडून देतो. ते प्रकरण नीट वाचले असते तर त्या दिवशी उपयोग झाला असता. मासा होडीजवळ आला, रुपेरी कूस चमकली, मी आनंदाने ओरडलो आणि काठी खाली केली. दोरी सैल पडली. चिनूक गेला.

“मामा, ताण सोडायचा नसतो!” भाचा म्हणाला आणि हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा. अगदी मेहुण्यांसारखा हसला.

परतताना मोटारीत तो आपण होऊन बोलला. “बांध घालायला पैसे पाठवतो. गावातल्या सगळ्यांच्या वाट्याचे लागले तरी पाठवतो. पण आईला सांग, माझ्यासाठी म्हणून तळं ठेवू नको. तिला हवं असेल तर ठेव. माझी वाट बघत ठेवू नको.”

मी बरे म्हणालो. पेणला आलो, आणि अक्काला बांधाच्या पैशांचे सांगितले. पुढचे सांगितले नाही. जीभच उचलली नाही.

“एवढंच म्हणाला?”

“एवढंच.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, आणि मासे कसे होते, कालवणाला बरे का, तो स्वतः रांधतो का, असले प्रश्न विचारीत बसली.

श्रावणात तिने बोलावणे पाठवले. गेलो तो ओटीवर पाण्याने भरलेली पत्र्याची घागर, आणि आत जिताड्याची पिल्ले. गिऱ्हाइकाला तिने यंदा नको म्हणून सांगितले होते.

“पण अक्का, बाळू...”

“माझ्यासाठी ठेवू नको म्हणाला असेल,” ती म्हणाली. “त्याचा बापही असाच बोलायचा. तुला सांगता येत नाही ते तुझ्या तोंडावरच दिसतं. धर ती घागर. मोठा दुसऱ्या कोपऱ्यात आहे, तो यायच्या आत गवतात सोडायचीत. चाळीस घेतलीत, मोज.”

मी तळ्याच्या काठी बसून मोजली. अडतीस भरली. पुन्हा मोजा म्हणाली.